सातवा आराखडा

पहिल्यांदा मी नदीला काच लावली होती.
पश्चिमेला अठरा मीटर, अखंड.
दांडिया बाजारातल्या माझ्या टेबलावर, दिव्याखाली,
मही फार शहाण्यासारखी वाहायची
निळ्या पेन्सिलीत.
अर्जात शब्द होता : मच्छीमारांचं सक्षमीकरण.
त्या शब्दासाठी मी एक हॉल काढला,
चाळीस खुर्च्यांचा.

शनाभाई माछींनी कागद वाळूवर पसरला,
चार कोपऱ्यांवर जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या ठेवल्या
आणि बराच वेळ नुसते बघत राहिले.
मग : "बेन, आ पाणी क्यां जशे?"

मी पूररेषा दाखवली. सरकारी, लाल.
ते उठून लिंबापाशी गेले,
हात उंच करून बुंध्यावरची एक खाच दाखवली.
कडाण्याहून पाणी सोडलं होतं त्या वर्षाची.
खाचेत अजून गाळ होता,
नखानं खरवडला तर पडेल असा.
परतीच्या रिक्षात मी इमारत खांबांवर चढवली.

तिसरा आराखडा मी कुणालाच दाखवला नाही.

घाट मात्र मला आवडला होता, सोळा पायऱ्यांचा.
हसमती तोंडाला पदर लावून हसली.
"तिथं तर ती बसते."
ती कोण?
"ती. थंडीत, ऊन खायला. आमच्या सासवांच्या आधीपासून."
पाण्यात दोन डोळे होते, मला लाकूड वाटलेले.
घाट वीस पावलं सरकवला.
उतारावरचा मातीचा तुकडा कोरा सोडला.
ट्रस्टचे साहेब म्हणाले, ही जागा वाया जाते.
म्हटलं, वापरात आहे.

भिंतींत एकाआड एक वीट गाळली,
म्हणजे वारा, म्हणजे जाळी वाळतील.
बर्फाच्या खोलीला दीड फुटाची भिंत
आणि एकच किल्ली, बायकांकडे राहणारी.
यावर पुरुष थोडे खाकरले.

डाहीबेन एवढे दिवस बोलली नव्हती.
टोपलीतले मासे उलटेपालटे करत म्हणाली,
व्यापाऱ्याच्या काट्यावर आमचा सव्वा किलो
एक किलो होतो.
वाटेत पाव किलो जातो कुठे, ते काढ तुझ्या कागदावर.

चाळीस खुर्च्या खोडायला
खोडरबर अर्धं झिजलं.
मधोमध ओटा आला, कमरेएवढा,
त्यावर काटा. त्यांचा स्वतःचा.

आता झालं, असं वाटून
मी पेढे घेऊन गेले होते.
डाहीबेननं पेढा खाल्ला, बोट पुसलं,
खिडक्या एकेक करून मोजल्या.
"बधी नदी सामे?"
हो, म्हटलं. नदी दिसावी म्हणून.

"नदी काय बघायची?
दिवसभर ती डोळ्यांतच असते, रात्री अंथरुणातही.
मला एक खिडकी रस्त्याकडे दे.
टेम्पो वळणावर आला की दिसला पाहिजे,
त्याला आम्ही दिसायच्या आधी.
तेवढ्यात आम्ही आपसात भाव ठरवू."

पाच वर्षं शिकले, अकरा वर्षं घरं बांधली,
खिडकीचा हा उपयोग
मला कुणी सांगितला नव्हता.

ती तिथंच मांडी घालून बसली.
जमिनीपासून तिच्या डोळ्यापर्यंत मी टेप धरला.
दोन फूट तीन इंच.
सातव्या आराखड्यात एवढंच नवीन आहे.

मंजुरी अजून यायची आहे.
फाईल कोठीच्या कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर.
काल गेले तर जागेवर चार खुंट्या, एक सुतळी,
आणि जिथं खिडकी येईल तिथं
दोन विटा एकावर एक ठेवून
डाहीबेन बसलेली, नदीकडे पाठ.
वळणावर धूळ उठली.
तिनं मागं न बघता काहीतरी म्हटलं,
मागच्या पाचजणींनी टोपल्यांवर ओली गोणपाटं ओढली.

टेम्पो आला, थांबला, हॉर्न वाजवला.
कुणी उठलं नाही.