फक्की

नवा ट्रॅक आला. तांबडा, रबरी.
त्याच्यावरच्या रेघा हुबळीच्या पोरांनी मशीननं मारल्या,
दोन दिवसांत, उभ्या-उभ्या.
माझ्या खोलीत फक्कीची सात पोती तशीच.
साहेब म्हणाले, परशराम, आता आराम कर.

एकेचाळीस वर्षं मी या गावात रेघा मारल्या,
सुतळी ताणून, कमरेत वाकून, डबा हलवत.
बेळगावात जिच्यावरनं भांडण झालं नाही
अशी तेवढी एकच रेघ असेल.

गाव नुसतं घाईला आलंय.
सांबऱ्यापासून कॅम्पापर्यंतचे खड्डे बुजले,
त्याच्या पलीकडचे आपल्या जागी सुखात.
काँग्रेस रोडच्या झाडांना गेरू, चुना.
पाट्या तीनदा रंगवल्या, तीनदा उतरवल्या,
शेवटी नुसता एक पळणारा माणूस काढला.
त्याला भाषा नाही. वयही नाही, खरं म्हणजे.
खडेबाजारातल्या एकानं बिनसाखरेचा कुंदा करून बघितला,
स्वतःच चमचाभर खाल्ला
आणि कोणाला काही बोलला नाही.

पाहुणे येणार पस्तीसपासून पंच्याण्णवपर्यंतचे.
मीटिंगला मी मागं उभा होतो.
डॉक्टर किल्लेकरबाई म्हणाल्या, शेवटच्या रेघेपाशी खुर्च्या हव्यात,
पन्नास नाही, शंभर, हात असलेल्या.
कुणी म्हणालं, चष्मे आणि कवळ्या ठेवायला
नंबर घातलेले स्टीलचे डबे.
हसले सगळे. मग एकेकानं
जिभेनं आपापले दात चाचपले.

तिथंच मला नियम कळला:
दर पाच वर्षांनी गट बदलतो.
चौऱ्याहत्तरचा माणूस आपल्या गटात सगळ्यात म्हातारा,
पंचाहत्तर लागले की पुढच्या गटात शेंडेफळ.
वय वाढलं की अडथळे बुटके होतात,
गोळा हलका होतो.
इतकी माणुसकी मी
कुठल्या सरकारी कागदावर बघितली नव्हती.

शेवंताबाई पावशे. नर्स होत्या.
अर्धं वडगाव यांच्या हातावर जन्मलं,
कुणाचा पोरगा किती वाजता, पायाळू की सरळ,
अजून तोंडपाठ.
स्वतःची जन्मतारीख मात्र एक जून,
शाळेत घालताना गुरुजींनी टाकलेली,
जशी माझी, जशी आमच्या सगळ्या बाकाची.

फॉर्मवर वय चौऱ्याहत्तर. म्हणजे तीन किलोचा गोळा.
पण आई त्यांची सांगायची,
मार्कंडेयला पूर आला त्याच्या आदल्या साली, सुगीत.
बोटांवर मोजलं आम्ही, दोनदा. शहात्तर.
म्हणजे दोन किलो, आणि वरच्या गटात
त्या जवळजवळ धाकट्या.

मी म्हटलं, अर्ज करूया की. शाळेत रजिस्टर असेल,
गावातलं कोणीतरी असेल साक्षीला.
त्यांनी पदर खोचला.
"कशाला रे? कोण उरलंय साक्षीला?
गुरुजींनी दोन वर्षं जादा दिलीत मला,
आजवर कशाला लागली नाहीत.
आता वापरते की. दे तो तीन किलोचा."

शाळेच्या मागचं जुनं मैदान अजून मातीचंच आहे.
पहाटे धुकं असतं, समोरची भिंत दिसत नाही.
एक पोतं फोडलं. खिळा ठोकला, सुतळी बांधली,
वर्तुळ मारलं. गुडघ्यानं दोनदा शिवी घातली.

त्या आत उभ्या राहिल्या. पायात मुलाचे बूट,
पुढं कापूस कोंबलेला.
गोळा मानेशी धरला,
तान्ह्याचं डोकं धरतात तसा,
आणि सोडला.

धुक्यात काही दिसलं नाही.
धप्प असा आवाज तेवढा आला,
ओल्या मातीचा.

मी चाचपडत गेलो. खळगा सापडला,
अजून गरम वाटला हाताला, की माझाच हात.
चिमूटभर फक्की टाकली तिथं.

"किती गेला?" त्यांनी मागनं विचारलं.

टेप खोलीत राहिली होती.
म्हटलं, थांबा बाई, आणून सांगतो.
"नको," म्हणाल्या, "आधी गोळा आण इकडं."