वीस डिसेंबरपासून उलटं

डॉक्टरीणबाईंनी तारीख दिली वीस डिसेंबर,
आणि मी आलेखाचा कागद पसरून
तिथून उलटं मोजत बसलो.
पाचवीनंतर बाळंतिणीला शेपू लागणार.
शेपूला चाळीस दिवस,
जेल रोडच्या आमच्या परसात ऊन पोचतं अकराला,
थंडीत पिकाचे पाय आखडतात, म्हणून वर पाच:
दहा नोव्हेंबर, वाफा क्रमांक दोन.
मेथीला तीस. तीही एकदम नाही,
आठ-आठ दिवसांनी एकेक ओळ,
म्हणजे एक जुडी संपेतो दुसरी हाताशी.
लसणाच्या पाकळ्या दसऱ्याआधीच टोचलेल्या, पातीपुरत्या.

एकतीस वर्षं नोटप्रेसमध्ये
नंबर तपासले मी.
एक आकडा घसरला की अख्खी गड्डी बाजूला.
इंदुमती म्हणते, ती सवय मातीला लावू नका,
तिला सही करता येत नाही.

रविवार कारंजावरचा बागूल
बियांची पुडी बांधताना म्हणाला,
"काका, निफाडकडे अशी तारीख धरून
द्राक्षाची छाटणी करतात.
शेपूसाठी कुणी करताना पाहिलं नाही."

सप्टेंबरात खताच्या खड्ड्याशी
एक वेल उगवला होता, दुधीचा,
सालींबरोबर फेकलेल्या कुठल्याशा बीचा.
कागदावर त्याला चौकोन नव्हता.
उपटायला वाकलो तर
खैरनार वहिनी भिंतीवरून म्हणाल्या,
"राहू द्या, येईल आमच्याकडे."
गेलाच तो, निर्लज्जासारखा,
त्यांच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन बसला.

वृषाली सत्तावीस नोव्हेंबरला बाळंत झाली.

मेथी पेरून दोन दिवस.
शेपू म्हणजे कुणी हिरवा दोरा
उसवून मातीवर टाकावा, इतकाच.
मुलगी. एकवीसशे ग्रॅम.
काचेच्या पेटीत, वर दिवा.
"आजोबा, काचेला बोट नको," नर्स म्हणाली,
आणि आजोबा कोण म्हणून मी मागे पाहिलं.

त्या आठवड्यात पारा सातावर आला.
रात्री दवाखान्यातून येऊन
मी गोणपाटं शोधली, कोरडी तेवढी निवडली,
काठ्या रोवून वाफ्यांवर पांघरली,
कोवळ्यावर भार पडू नये अशी.
किती दिवस, असं बाईंना विचारलं
तर म्हणाल्या, "वजनावर आहे."
माझ्या कागदात वजनाचा रकाना नव्हता.

डब्यात द्यायचं काय?
इंदुमतीने शिडी लावली,
खैरनारांच्या टाकीवरून तीन दुधी उतरवले,
नख रुतेल असे कोवळे.
तुपाची फोडणी, जिरं, वर लसणाची पात.
सोळा दिवस दुधी.
"बाबा, उद्याही हाच?"
मी डब्याचं झाकण लावत राहिलो.

शेपू तयार झाला अठ्ठावीस डिसेंबरला,
हिशेबाहून तीनच दिवस उशिरा.
वृषालीने नाकाला ओढणी लावली.
"मला शेपूचा वास सोसत नाही, बाबा.
लहानपणापासून.
पेरायच्या आधी विचारायचं तरी!"
इंदुमती ओट्याकडे तोंड करून
कढई घासत होती. खांदे हलत होते तिचे.
सगळा शेपू खैरनार वहिनींनी नेला.

आता फेब्रुवारी सरत आला. नात चार किलोंची.
एक दुधी वेलावरच राखला होता, बियाण्याला,
तो वाळून खुळखुळा झालाय.
कानाशी हलवला की ती रडणं थांबवते,
आवाज कुठे गेला ते शोधते.
थोडं बी मी बागूलला नेऊन दिलं.
"जात कुठली, काका? पेरलं कधी होतं?"
मी खिशातली पेन्सिल काढली,
जिभेला टोक लावलं
आणि पुडीवर सुवाच्य अक्षरात लिहिलं:
माहीत नाही.