अठ्ठावीस टक्के

डाक्टरानं कागदावर लिवलं :
डावा पाय, अठ्ठावीस टक्के.
वकील म्हणते, बाई, आकडा बरा भेटला.

मले पायाचं गणित मशीनवरून समजते.
पायडल चालते, नाई तर नाई चालत.
अठ्ठावीस टक्के बिलाऊज कोण शिवते?

आर्णीच्या रस्त्यानं मांगून गाडी आली.
हँडलले पिशवी होती,
पिशवीत कन्नाकेच्या पोरीचे लग्नाचे चार बिलाऊज.
त्याहीची भरपाई मीच देल्ली.

गाडीवाला थांबला नाई.
पाह्यलं एकट्या दौलत नेवाऱ्यानं,
बकऱ्या चारता चारता.
त्याले वाचता येत नाई,
पण पाटीवरचे आकडे त्यानं काडीनं
धुऱ्याच्या मातीत काहाडले :
पयले विळा, मंग एकावर एक दोन घुंगरं,
मंग काठी, मंग पुन्हा विळा.
हवालदार येईपर्यंत, सांजलोक,
तिकडं एक बकरी फिरकू देल्ली नाई.

कमाईचा पुरावा आणा, म्हणे.
पुरावा गावभर फिरून रायला साहेब,
कोणाच्या अंगात सैल, कोणाच्या तंग.

विम्याचा वकील पुसते,
अंगठेबहाद्दराची साक्ष कशी धरावी?
दौलत म्हणे,
मी वाचलं नाई जी. पाह्यलं.

पुढची तारीख पोळ्यानंतर.
जजसाहेबाचा कोट डाव्या खांद्यात उतरते,
अर्धा इंच.
बसल्या बसल्या मी मनात टाका मारते,
आन् नाव पुकारलं का
भित धरून उठते.