आणि पेसोआल

कुळ्याच्या जुन्या क्वार्टरची कौलं उतरवताना
माळ्यावर बिस्किटांचा एक डबा सापडला.
गँगमधल्या पोरानं तो माझ्याकडं आणून दिला,
"तुम्ही तिकीटवाले, तुम्हांला ठाऊक असणार."

मला काय ठाऊक असणार?
एकतीस वर्षं खिडकीतून पुठ्ठ्याची तिकिटं विकली,
कुळे ते सावर्डे, कुळे ते मडगाव,
तारीख ठोकली, सुटे परत केले,
एकालाही नाव विचारलं नाही.
तिकिटावर त्याला जागाच नव्हती.

फोटोत इंजिन नीट दिसतं. नंबरही वाचता येतो.
मास्तर खुर्चीत, भोवती अकरा माणसं,
मागच्यांनी छाती पुढं काढलेली,
पुढचे उकिडवे, अनवाणी.
पाठीवर शाईनं, पोर्तुगीजमध्ये,
मास्तरचं नाव, आईकडचं आडनाव, बापाकडचं आडनाव,
मग इंजिनाचा नंबर,
मग "आणि पेसोआल".
म्हणजे बाकीचे कामकरी.
अकराजण एका शब्दात बसवलेले.

सांतानच्या घरी नेला. नव्वदीतला पॉइंट्समन,
एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्याचा भरवसा नाही.
फोटो नाकाला लावून तो आधी पाय बघतो.
"हा पुरसो. अंगठा बघ. फिशप्लेट पडली होती त्यावर."
"हा जुझे मिंगेल, फायरमन. बाही मनगटाच्या खाली,
भाजल्याचं झाकायला."
"हा यल्लप्पा, लोंढ्याकडचा. कंदील कसा धरलाय बघ, तिरका!
हजारदा सांगितलं, सरळ धर, तेल सांडतं."
आणि तो खरोखरीच चिडतो,
लुंगीवर आत्ता डाग पडल्यासारखा.

मी वहीत लिहून घेतो. पेन्सिलीनं.

डावीकडून चौथ्यापाशी तो थांबला.
सुनेनं ठेवलेल्या चहावर साय धरली.
"हा वाळू भाजायचा."
शेडच्या मागं भट्टी होती. तिथली कोरडी वाळू
इंजिनाच्या पेटीत भरायची,
घाटात चाकं घसरू लागली की रुळांवर सोडायची.
चार महिने सगळं गाव बुरशीत,
हा एकटा कोरडा, केसांतसुद्धा वाळू.
"अख्खी गाडी ह्याच्या मुठीवर वर चढायची रे.
नाव..."
नाव आलं नाही.

आठवड्यात बातमी बाजारभर झाली.
साकोर्ड्याहून शाबी वेळीपची नात आली,
"आजोबाच हे. आमच्या बापाचे कान असेच."
तिच्या मागोमाग शिगावची रुझालिना,
पर्समध्ये लग्नाचा फोटो घेऊन,
"माझा पप्पा, सेबास्त्यांव. जिवणी बघा की."
दोघींनी एकाच चेहऱ्यावर बोट ठेवलं.
बोटाला बोट लागलं,
कुणीच आधी काढून घेईना.

सांतान म्हणाला, "असेल, असेल."
एकीलाही म्हणाला, दुसरीलाही.

त्या गेल्यावर म्हणाला,
"दोघांतला कुणी नव्हे. शाबी गँगमध्ये होता,
सेबास्त्यांव तर मुरगावच्या बंदरावर."
मग सांगितलं का नाहीस?
तो गार चहा एका घोटात प्याला.
"सत्तर वर्षांत ह्याला न्यायला कुणी आलं नाही.
आज दोघी आल्या. एकीला तरी परत कशी पाठवू?"

वहीत चौथ्यापुढं मी दोन्ही नावं लिहिली.
खोडरबर हातात घेतला,
बराच वेळ घेऊन बसलो.

आज मडगावला निघालोय, स्टुडिओत,
दोन प्रती काढायला.
माझ्याच खिडकीत आता एक पोरगी बसते.
मी तिला आपणहून माझं नाव सांगितलं.
ती म्हणाली, सुटे द्या.