डट्टा

पॅनेल सात इंचांचं.
काचेवर कोंड्याची साय, तिच्यात
दुधराम कापगतेच्या तर्जनीचा ठसा, नेमका ‘चालू’वर.
‘बंद’वर धूळ तशीच.
म्हणाला, थांबली का मिल, भिजला धान वास मारते.

आधी काय दिसलं ते सांगते.
राउटरच्या पोटाला चिकटपट्टी, तिच्यावर बॉलपेनने पासवर्ड:
एक एक एक एक.
मागच्या ठेकेदारानं सोय म्हणून
दार सताड ठेवलेलं.
कुठल्याही देशातल्या रिकामटेकड्याला
साकोलीच्या पुढच्या या टिनाच्या शेडमधली
वाफ हलवता आली असती.
हलवलीही होती कुणीतरी.
नोंदीत आहे: रात्री दोन सत्तेचाळीस,
भिजवणीची टाकी, सत्तरवरून चौऱ्याण्णव.
कोण, ते नोंदीत नाही.

दुधरामला नाकानं कळलं होतं.
धावत जाऊन व्हॉल्व्ह हातानं आवळला,
तळवा भाजला,
आणि सकाळी मालकानं विचारलं,
झोपेत बोट लागलं का रे तुझं?

दोन दिवस मी पोर्ट बंद करत बसले,
दाभणानं पोत्याचं तोंड शिवावं तसे, एकेक.
अँटेना बांबूला बांधली, बांबू धुराड्याच्या तारेला.
प्रमाणपत्रं घातली, चावीच्या जोड्या घातल्या,
माझ्या फोनवर सहा आकडे, तीस सेकंदांत मरणारे.
नागपूरहून इथवर आता एक बोगदा,
मी त्याला समजावलं,
बाहेरच्याला आतलं काही दिसत नाही.

तो तंबाखू मळत ऐकत होता.
‘म्हंजे तलावाचं तुडूम,’ म्हणाला.
‘पानी पारीच्या पोटातून जाते, पार फुटत नाई.’
तसंच, मी म्हटलं. अगदी तसंच.
‘मंग डट्टा कोनाकडं?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं.
सगळी कुलपं मी माझ्याच बाजूनं लावली होती.

पुढच्या खेपेला तीनशे चाळीस रुपयांचा
चावीचा स्विच आणला, पॅनेलच्या कुशीत बसवला.
तो फिरवल्याशिवाय बोगद्याला वीज नाही.
मालक म्हणाला, हे कशाला आणखी?
दुधरामनं चावी करदोड्याला बांधली.

डिसेंबरातली ती रात्र.
मानेवाड्यातल्या माझ्या खोलीत मी लॅपटॉप उघडून,
तिकडे एलिव्हेटर अडकलेला,
मालकाचे फोनवर फोन.
मी दुधरामला म्हटलं, फिरवा, इथून रीसेट मारते.
‘थांबा,’ म्हणाला, आणि फोन ठेवला.

चार मिनिटं. सात. अकरा.
पडद्यावर दिवा करडाच.
खरं सांगते, मनातल्या मनात मी त्याला
अडाणी म्हटलं त्या अकरा मिनिटांत.
स्वतःच बसवलेल्या स्विचला शिव्या दिल्या.

मग हिरवा.
एकच ओळ उमटली: दोष क्रमांक चौदा. रीसेट? होय, नाही.
‘आता करा,’ तो म्हणाला.
कशाला वेळ लागला, मी विचारलं, जरा चढ्या आवाजात.

‘रेवनाथचा हात होता ना आत, खांद्यावरी.
सुतळी गुंतली होती बादलीत.’

दोष क्रमांक चौदामध्ये
रेवनाथ कुठेच लिहिलेला नव्हता.
सात इंचांत हात मावत नाही, खांदा मावत नाही.

‘होय’वर माझं बोट तसंच राहिलं.
सगळे बाहेर आहेत ना?
‘तिघं. मोजले.’
परत मोजा.
त्यानं मोजले, मोठ्यानं, नावं घेऊन:
रेवनाथ, सुखदेव, मी.
मग मी दाबलं.
फोनमधून बादल्यांचा खडखडाट आला.

‘आता तुमाले यावं लागत नाई म्याडम,’ तो म्हणाला.
यंत्राच्या आवाजात अर्धं ऐकू आलं,
काहीतरी तलावातल्या शिंगाड्यांबद्दल,
उकडून ठेवतो म्हणाला, की उकडले म्हणाला.
मी हो म्हटलं.
तिकडे त्यानं चावी परत फिरवली असावी,
दिवा करडा झाला.