इजा : नाही

पुंता अरेनासमध्ये वाऱ्याच्या दिवसांत
नगरपालिका चौकाचौकात दोर बांधते,
धरून रस्ता ओलांडायला.
म्हातारे धरतात. शाळेची पोरं
मुद्दाम हात सोडून बघतात.

पहिल्या दिवशी शिकवलं होतं :
आधी जागा बघ. मग स्वतःला, मग जोडीदाराला.
मग बाकीचे.
यास्ना कुसानोविचने वहीत उतरवून घेतलं
आणि मनात म्हटलं, बघू.

पहाटेचे चार अकरा.
घर हिरव्या पत्र्याचं. आत दोघं, हाकेला ओ देत नाहीत.
गॅसची शेगडी रात्रभर चालू,
वारा नको म्हणून खिडक्यांच्या फटीत
कोंबलेली जुनी वर्तमानपत्रं.

उंबऱ्यावर पाऊल पडायच्या आत
तिच्या जॅकेटवरचं काडेपेटीएवढं यंत्र किंचाळलं.
या वायूला वास नाही, रंग नाही.
पाहुण्यासारखा तो दार वाजवत नाही,
घरचाच असल्यासारखा
आधीपासून बसलेला असतो.

यास्ना मागे सरली.
एलिएसेर स्ट्रेचर घेऊन धावत येत होता,
त्याच्या छातीला तिने आडवा हात लावला. थांब.

"बघत काय बसलात?" अंगणात मुलगी ओरडली,
अंगावर बापाचाच कोट.
"आई आहे आत. भित्रे आहात तुम्ही, भित्रे!"
बघत काय बसलात, याला
कुठल्याच भाषेत धड उत्तर नसतं.

ऊगो बसला नव्हता.
तीन वर्षांपूर्वी मासेमारीच्या बोटीच्या पोटात
एक खलाशी पडला, दुसरा त्याला काढायला उतरला,
तिसरा ऊगो.
आता तो गोदामात हातमोजे मोजतो,
तोच खोका दोनदा,
आणि दोन्ही वेळा आकडा निराळा येतो.
त्याला शूर म्हणाले. पदकही दिलं.
ते गोदामातच आहे, खिळ्याला,
किल्ल्यांच्या जुडग्याखाली.

"पश्चिमेची खिडकी," यास्ना म्हणाली.
एलिएसेरने चाकाचा पाना घेतला, घराला वळसा घातला,
श्वास कोंडून एकच घाव घातला.
वर्षभर ज्याला शिव्या घालतो
तो वारा आत घुसला, वर्तमानपत्रं उडवत,
आणि दारातून सरळ बाहेर आला.
आयुष्यात पहिल्यांदा ती त्याला म्हणाली,
जोरात, अजून जोरात.

बंबवाले सहा मिनिटांनी आले,
पगार नसलेले, झोपेतून उठलेले.
एकाच्या कोटाखाली पायजमा,
दुसऱ्याच्या कोपराला बेकरीतलं पीठ.
पाठीवर हवेच्या टाक्या बांधून आत शिरले,
आणि दोघांना बाहेर आणलं.

मग यास्नाचे हात होते, आणि वेळ नव्हता.
त्याबद्दल काही सांगण्यासारखं नाही.
हातांना ते येतं.

म्हातारा रुग्णालयाच्या दारात खोकला.
म्हातारी नाही.

मुलीने यास्नाच्या छातीवर मुठी मारल्या,
चार-पाच, नेमक्या त्या यंत्रावर.
यास्नाने हात वर केले नाहीत.
एलिएसेर पुढे झाला, तर त्याला डोळ्यांनीच थांबवलं.

सकाळी अर्जावर शेवटचा रकाना :
कर्मचाऱ्यांना इजा.
तिने पेन टेकवलं. शाईचा ठिपका
पसरेपर्यंत टेकवून ठेवलं.
नाही, असं लिहिलं.
सहा मिनिटं लिहायला रकाना नव्हता.

एलिएसेरने माते ओतून पुढे केला,
साखर घातलेला, तिला आवडत नाही तसा.
तिने तो प्यायला.

पाळी बदलताना पुढच्या मुलीच्या हातात
तिने यंत्र ठेवलं. नवीन पोरगी, दुसराच आठवडा,
बूट अजून करकरीत.
"सेल बदललाय. सही केलीय.
आणि चार नंबरचं घेऊ नकोस, उशिरा ओरडतं.
मी लिहून दिलंय. दुरुस्त होऊन येईपर्यंत
कोणी कितीही घाई केली तरी घेऊ नकोस."

पोरीने मान हलवली,
आणि मनात, दिसत होतं,
बघू, म्हणाली.
यास्नाने तिचा खांदा धरला, दोर धरावा तसा,
आणि यंत्र स्वतःच्या हाताने
तिच्या जॅकेटला लावून दिलं.