पेटी क्रमांक चौदा

दाऊदभाई परकार, वनरक्षक, वाकवली,
सागाच्या रोपवनात पांढरी चादर टांगून
पेट्रोमॅक्सपाशी बसत.
चादरीवर येईल ते बाटलीत,
बाटलीतलं सकाळी टाचणीवर,
टाचणीखाली नखाएवढी चिठ्ठी:
गाव, तारीख,
आणि एकच नाव. सव्वीस वर्षं.

पेटी आता दापोलीत, माझ्या टेबलावर.
डांबरगोळ्यांचा वास, तळाशी पंखांची भुकटी,
एकशे बारा पतंग.
हळदीच्या पाण्यात कुणी कुंकवाची काडी फिरवावी
तशा नागमोडी रेघा,
सगळ्यांवर त्याच.
यांच्या अळ्यांनी पान खाल्लं की शिरा तेवढ्या उरतात,
आभाळ आरपार दिसतं.

वरून बघून कळत नाही.
मी वर्षभर बघितलं.
रेघ जरा वाकडी, जरा कमी वाकडी,
एक उन्हानं विटलेला, एक नुसता जुना.

म्हणून पोट.
शेवटचा भाग चिमट्यानं मोडते
(कट्, तोही बहुतेक माझ्याच मनात),
पोटॅशच्या पाण्यात उकळते,
चहाला लागतो तेवढा वेळ.
एकदा आईचा फोन आला, वेळ लांबला,
एक पतंग पार विरघळला.
मग कुंचल्याच्या दोन केसांनी
खवले, चरबी, घालायची राहिलेली अंडी
बाजूला सारायची.
ग्लिसरिनच्या थेंबात उरतं
मधाच्या रंगाचं काहीतरी, कठीण.
मादी असेल तर पिशवी, पिशवीवर खरखरीत डाग.
नर असेल तर दोन पाकळ्या, वर आकडा,
मधे बारीक नळी
आणि नळीत काटा.

पहिल्याला काटा. दुसऱ्याला काटा.
तिसऱ्याला नाही.
भिंग पुसलं. चष्मा पुसला.
नाही.

हर्णैच्या बंदरावर येसूबाई पावसे
पेडवे आणि तारली वेगळे करत होती,
माझ्याशी बोलता बोलता, खाली न बघता,
अंगठा पोटाच्या कडेवरून नेत.
मला दोन्ही सारखेच.
कसं ओळखता?
"बघतेस काय, हात लाव."
हात लावला.
गार लागलं, एवढंच.

दाभोळला गेले, दाऊदभाईंच्या घरी.
नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं,
हिरवी पट्टी, ओट्यावर खुर्ची, समोर खाडी.
घाबरत सांगितलं:
चौसष्ट हे, सत्तेचाळीस ते.
"म्हणजे माझं नाव चुकलं."
सगळ्यांचं नाही.
"सत्तेचाळिसांचं चुकलं."
फेरीबोट पलीकडे जाऊन लागली.
मग स्वतःशीच म्हणाले,
"दोनदा यायचे ते.
आठाला एक झुंबड. मग चादर मोकळी.
मी बिडी ओढून घ्यायचो.
साडेदहाला परत.
मला वाटायचं, तेच फिरून आले."

रात्री प्रयोगशाळा उघडली.
एकेक टाचणी उपसून चिठ्ठी उलटी केली.
मागे शिसपेन्सिलीनं, पुसट, आठ.
आठ दहा. साडेदहा. आठ. पावणेअकरा.
एकीवर लालसर बोट उमटलेलं,
सागाचं कोवळं पान चुरगळलेल्या हाताचं.
काटेवाले सगळे आठाच्या सुमाराचे.
बिनकाट्याचे बिडीनंतरचे.

मी उघडायच्या आधीच वेगळे होते,
चादरीवर,
आणि त्याच्याही आधी अंधारात,
जिथे त्यांना एकमेकांना विचारावं लागलं नसेल.

जुनी चिठ्ठी काढायची नसते.
तिच्याखाली दुसरी लावायची,
नवं नाव, आपलं नाव, वर्ष.
सत्तेचाळीस चिठ्ठ्या लिहिताना
माझं अक्षर त्यांच्यासारखं होत गेलं,
थोडं उजवीकडे कललेलं.

विरघळलेल्याची टाचणी तशीच ठेवली आहे,
पंख आहेत, पोट नाही.
त्याची चिठ्ठी सगळ्यात शेवटी उलटली.
मागे लिहिलंय,
सव्वानऊ.